नववीला वाली कोण?

जून महिन्यात आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यातल्या पुस्तकांच्या दुकानांसमोर पाय ठेवायला जागा नसते. परवा अशाच गर्दीत एक कुटुंब माझ्या पुढे उभं होतं. बाप, आई आणि त्यांच्या मागे नुकतंच मिसरूड फुटलेला, बापाच्या खांद्याच्या वर गेलेला मुलगा. दुकानदारानं विचारलं, ‘कितवी?’ बाप म्हणाला, ‘नववी.’ ‘सेमी का मराठी?’ आई म्हणाली, ‘सेमी.’ ‘पूर्ण संस्कृत का हिंदी-संस्कृत संयुक्त?’ आता दोघं एकमेकांकडे बघायला लागले. आईनं पर्समधून फोन काढला आणि क्लासच्या सरांना लावला. सरांनी सांगितलं, संयुक्त. गठ्ठा बांधला गेला, पैसे दिले गेले, पिशवी पोराच्या हातात आली.

आठवीचं अख्खं वर्ष तो पोरगा हा विषय शिकला होता. उत्तर त्याच्या तोंडात तयार होतं. तो हाताच्या अंतरावर उभा असताना आईबापांनी तिसऱ्याच माणसाला फोन लावला.

नववीत गेलेल्या आणि नववीच्या वाटेवर असलेल्या लेकरांच्या पालकांनो, आजचं सदर तुमच्यासाठी आहे. तुम्हाला काळजी आहे, यात शंका नाही. पोटाला चिमटा घेऊन तुम्ही फी भरता, हेही मला दिसतं. पण आपलं लेकरू वर्षभर काय शिकलं हे माहीत नसेल, तर त्या काळजीचा त्याला उपयोग किती?

आधी हे वर्ष काय आहे ते समजून घ्या. पहिलीकडे सगळ्यांचं लक्ष असतं. दहावीकडे तर गल्ली डोळे लावून बसते. नववी मधल्यामध्ये राहते. आणि नेमक्या याच वर्षी लेकराला आतापर्यंत धरून असलेले हात एकेक करून सुटतात.

शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा. त्याची हमी ६ ते १४ वयाची, म्हणजे आठवीपर्यंतची. सरकारी आणि अनुदानित शाळांत पाठ्यपुस्तकं मोफत मिळतात, तीही आठवीपर्यंत. दुपारचा पोषण आहार आठवीपर्यंत. खाजगी शाळेत २५ टक्के राखीव जागांवर बसलेल्या लेकराची फी शासन भरतं, तीसुद्धा आठवीपर्यंतच. एका उन्हाळी सुट्टीत हे सगळं संपतं. एप्रिलमध्ये ज्याच्या ताटात खिचडी होती, तो जूनमध्ये डबा आणेल असं आपण गृहीत धरतो. त्याच्या घरी डबा भरायला कोणी आहे का, डब्यात घालायला काही आहे का, हे कोणी विचारत नाही.

दुसरा कायदा बघा. बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. १४ पूर्ण झालेल्या पोराला धोक्याच्या उद्योगांत ठेवायला बंदी आली, बाकी कामावर ठेवायला मात्र बंदी नाही. ज्या वयात शाळेची हमी संपते, त्याच वयात गॅरेजचं शटर उघडतं. मग गळती लागली म्हणून आश्चर्य कशाचं? शाळांच्या आकडेवारीचा २०२१-२२ चा युडायस प्लस अहवाल देशाचे आकडे देतो. प्राथमिकला गळती १.५ टक्के, उच्च प्राथमिकला ३ टक्के आणि नववी-दहावीला १२.६ टक्के. तीनाचे एकदम साडेबारा होतात. हा खड्डा आठवी आणि नववीच्या मधोमध आहे, आणि तो सगळ्यांना माहीत आहे.

म्हणून पहिलं सांगणं, ज्यांची लेकरं २५ टक्क्यांच्या जागेवर शिकतात त्यांना. आठवीचा निकाल लागेपर्यंत थांबू नका. सातवीतच शाळेला विचारा, नववीची फी किती आणि ती कोणी भरायची. परवडणार नसेल तर अनुदानित हायस्कूल आतापासून बघून ठेवा. आपल्या शहरात अशी हायस्कुलं आहेत, जुनी आहेत, चांगली आहेत. शाळा बदलली म्हणून लेकराची इज्जत जात नाही. फी थकली म्हणून वर्गात उभं केलं, तर मात्र त्याच्या मनाला लागतं आणि ते आयुष्यभर राहतं.

दुसरं सांगणं, आठवीतल्यांच्या पालकांना. एनएमएमएस नावाची शिष्यवृत्ती परीक्षा आठवीत होते. सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळेत शिकणाऱ्या, साडेतीन लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरातल्या लेकरांसाठी. पास होऊन निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये. चार वर्षांचे ४८,०००. जो हात आठवीनंतर सुटतो, तो धरून ठेवायची ही एक सरळ वाट. किती घरांत ही माहिती पोचते? गुरुजींनी सांगितलं नाही म्हणून हात झटकू नका. तुम्ही जाऊन विचारा.

आता शाळांकडे वळतो. दहावीचा निकाल लागला की चौकाचौकात फलक झळकतात. ‘शंभर टक्के निकालाची उज्ज्वल परंपरा.’ ज्या शाळांनी कच्च्या पोरांना घासूनपुसून पास केलं, त्यांना माझा नमस्कार. पण शंभर टक्के करायची दुसरी रीतही सगळ्यांना ठाऊक आहे. कच्चं पोर दहावीला बसूच द्यायचं नाही. नववीत नापास करायचं, बापाला बोलवायचं, ‘दाखला घेऊन जा’ म्हणायचं, नाहीतर बाहेरून १७ नंबरचा फॉर्म भरायला सांगायचं. १७ नंबरचा फॉर्म शाळा सुटलेल्यांना परत परीक्षेला बसता यावं म्हणून आहे. शाळेत असलेल्याला बाहेर काढायला तो नाही. असं करणारी शाळा शिकवण्याचं काम सोडून चाळणी लावते आहे, आणि तिच्या फलकाला किंमत देणारे आपण त्यात सामील आहोत.

यावर इलाज फार सोपा आहे. पालकसभेत उठा आणि एकच प्रश्न विचारा: यंदा दहावीला किती मुलं बसली, आणि आदल्या वर्षी नववीच्या पटावर किती होती? बाकीची कुठे गेली? हा आकडा प्रत्येक शाळेच्या हजेरीपटात असतो. आपल्या शहरातल्या विभागीय मंडळाखाली छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, परभणी आणि हिंगोली असे पाच जिल्हे येतात. पाच जिल्ह्यांतल्या पालकांनी एका वर्षी हा प्रश्न विचारला, तर पुढच्या वर्षी फलक लावताना मुख्याध्यापक दहा वेळा विचार करतील.

शाळेचं झालं, आता घराचं. नववीत गेल्या गेल्या लेकराला ‘फाउंडेशन’च्या बॅचमध्ये टाकायची घाई सुरू होते. डॉक्टर-इंजिनिअर व्हायचं म्हणे, मग उशीर कशाला? जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या शिक्षण मंत्रालयानं मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात १६ वर्षांखालच्या मुलांना कोचिंगमध्ये घेऊ नये असं स्वच्छ लिहिलं आहे. तरी १४ वर्षांची पोरं पाठीवर दोन दप्तरांचं ओझं घेऊन फिरताना दिसतात. सकाळी सातची शाळा, दुपारी जेवून तासभर टेकायचं, चार ते आठ क्लास, रात्री शाळेचा गृहपाठ आणि त्यानंतर क्लासचा. या पोरानं खेळायचं कधी? मित्राशी भांडायचं कधी? भांडून परत बोलायला लागायचं कधी? ते शिकायचंही हेच वय आहे आणि त्याचा क्लास कुठेच नाही.

शिकवणी लावूच नका असं मी म्हणत नाही. एखाद्या विषयात लेकरू अडतं आणि घरी सांगणारं कोणी नसतं, तेव्हा शिकवणी लागते. पण आधी कुठे अडतंय ते त्याला विचारा. दुखणं न विचारता औषध देणाऱ्या डॉक्टरकडे आपण दुसऱ्यांदा जात नाही.

अडतं कुठे, तर बहुतेक वेळा भाषेत. मराठी शाळेत सेमीला गेलेल्या लेकराचं गणित आणि विज्ञान इंग्रजीत येतं. काल जे समीकरण होतं ते आज इक्वेशन होतं. नववीला गणिताची पुस्तकंही दोन होतात, भाग एक आणि भाग दोन, आणि दुसऱ्या भागात भूमितीच्या सिद्धता सुरू होतात. हुशार पोर गप्प होतं. घरचे म्हणतात, अभ्यासात लक्ष नाही. लक्ष आहे हो, शब्द नाहीत.

आपल्या शहराला हा धक्का नवा नाही. निजामाच्या राज्यात घरी मराठी बोलणारं पोर हायस्कुलात गेलं की उर्दूतून शिकायचं. आजोबांच्या पिढीनं ते सोसलं. सरस्वती भुवनसारखी संस्था १९१५ साली इथे उभी राहिली, ती त्याच राजवटीत. तेव्हा भाषा राज्यकर्त्यांनी बदलली होती. आज सेमीच्या चौकटीत खूण करणारा हात आपला आहे, तर पुढची जबाबदारीही आपलीच. आठवी-नववीतल्या सेमीच्या पोराला पहिले सहा महिने दोन्ही भाषांतलं पुस्तक घेऊन द्या. बालभारतीची दोन्ही माध्यमांची पुस्तकं मिळतात. क्लासच्या एका हप्त्यापेक्षा त्यांचा खर्च कितीतरी कमी आहे.

एक घर सांगतो. वाळूजच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीत काम करणारा एक माणूस आमच्या गल्लीत राहतो. तीनला कामावर, अकराला सुट्टी, घरी यायला बारा. मुलगी नववीत, सकाळची शाळा. आठवडा आठवडा बापलेकीचं धड बोलणं होत नाही. आपल्या शहरात नळाला पाणी किती दिवसांनी येतं, ते तुम्हाला सांगायला नको. एका रात्री साडेबाराला पाणी आलं. आई माहेरी गेलेली. बाप नळाला पाईप लावत होता, पोरगी टाक्या धुऊन देत होती. पाणी भरता भरता ती म्हणाली, ‘बाबा, मला भूमिती नाही येत. गिव्हन, टू प्रूव्ह, प्रूफ असं लिहायचं असतं. काय द्यायचं, काय सिद्ध करायचं, मला कळतच नाही.’

बाप दहावी नापास. त्याला भूमिती काय ठाऊक? तो ओरडला नाही. क्लास लावू असंही म्हणाला नाही. तो म्हणाला, ‘वही आण. मला समजंस्तोर सांग.’ पिंप भरेपर्यंत ती त्याला सांगत राहिली. समांतर रेषा, छेदिका, व्युत्क्रम कोन. तो मधेच अडवायचा, ‘हे कसं काय? हा कोन त्याच्याएवढा कशावरून?’ तिसऱ्यांदा सांगताना ती स्वतःच थांबली आणि म्हणाली, ‘बाबा, थांबा. मला कळलं.’

पुढे तो एवढंच करत राहिला. पाण्याच्या रात्री वही घेऊन बसायचं. मुलीला पैकीच्या पैकी पडले असं काही मी सांगणार नाही. ती भूमितीच्या तासाला पोट दुखतं म्हणून घरी राहायची, ते मात्र थांबलं. नववीच्या लेकराला आईबापाकडून एवढं मिळालं तरी पुष्कळ. तुम्हाला विषय यायलाच पाहिजे असं नाही. बसायला आलं पाहिजे.

झोपेचंही समजून घ्या. या वयात झोपेची वेळच शरीर पुढे ढकलतं. रात्री लवकर झोप लागत नाही, सकाळी लवकर जाग येत नाही. तो आळस समजू नका, ते वाढीचं लक्षण आहे. तेरा ते अठरा वयाला आठ ते दहा तास झोप लागते. ८ फेब्रुवारी २०२४ ला शासनानं निर्णय काढला की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. चांगलं झालं. पण ज्यांची झोप खरोखर पुढे सरकते ती नववी-दहावीची पोरं अजून सातच्या पाळीला पेंगत बसतात. शाळेची वेळ तुमच्या हातात नसेल, पण रात्री दहानंतर घरातले सगळे फोन एका जागी ठेवायचे, हे हातात आहे. सगळे म्हणजे सगळे. त्यात बापाचा आणि आईचाही आला.

गाडीचं तर बोलायलाच नको. सिडको-हडकोत संध्याकाळी उभं राहून बघा. चौदा-पंधरा वर्षांची पोरं गिअर नसलेल्या गाड्यांवर तिघं-तिघं बसून क्लासला जातात. चावी कोणी दिली? तुम्ही दिली. सोडायला वेळ नाही म्हणून दिली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात अल्पवयीनाच्या हाती गाडी देणाऱ्या पालकाला किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे. कायदा राहू द्या बाजूला. जालना रोडवरचे ट्रक बघितलेत ना तुम्ही? सायकल घेऊन द्या. सायकलनं पोहोचता येणार नाही इतका लांबचा क्लास असेल, तर तो क्लास सोडा.

मुलींचं वेगळं सांगावं लागतं, कारण हायस्कूलच्या उंबऱ्यावर त्यांची वाट आधी अडते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के बायकांची लग्नं अठराच्या आत झालेली होती. आपल्या जिल्ह्यात हे प्रमाण एक तृतीयांशाच्या वर होतं. म्हणजे तिघींत एक. गावात शाळा सातवी-आठवीपर्यंत, पुढचं हायस्कूल दुसऱ्या गावाला, रस्त्याची भीती, म्हणून मुलगी घरी. घरी बसली की स्थळं सुरू. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे. मानव विकास कार्यक्रमाच्या बस राज्यातल्या मागास तालुक्यांत मुलींना शाळेला नेण्यासाठीच सुरू झाल्या, आणि त्या कार्यक्रमाचं आयुक्तालय आपल्याच शहरात आहे. तुमच्या गावाला बस येत नसेल तर सरपंचाला सांगून थांबू नका. चार बाप मिळून आगारात जा. मुलीच्या लग्नासाठी चारशे माणसं गोळा करता येतात, तर तिच्या बससाठी चार करता येतीलच.

आणि शहरातल्या आयांनो, पालकसभेला गेलात की निकालाच्या आधी मुलींचं स्वच्छतागृह बघा. दाराला कडी आहे का, पाणी आहे का, पॅड टाकायला जागा आहे का. नववीतली मुलगी महिन्यातून चार दिवस पाणी न पिता शाळेत बसत असेल, तर तिचे मार्क कशाला विचारता? बापांनीही हे बघावं. यात लाजण्यासारखं काही नाही.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. या वयात लेकरू घरात कमी बोलतं. दार लोटून बसतं. आपण त्यावर दोन गोष्टी करतो. एकतर चौकशा करून त्याला हैराण करतो, नाहीतर ‘मोठा झाला आता’ म्हणून सोडून देतो. दोन्ही चूक. हात पाठीवर हवा, मानगुटीवर नको, आणि काढून तर मुळीच घ्यायचा नाही. लेकरू जेव्हा बोलेल तेव्हा हातातलं काम ठेवा. पाच मिनिटं सल्ला देऊ नका. ‘आमच्या वेळी’ हे दोन शब्द वर्षभर बंद ठेवा. शेजारच्या पोराचे मार्क शेजारीच राहू द्या.

आणि ते फारच गप्प झालं, जेवण सुटलं, झोप उडाली, जगण्याचा कंटाळा आल्यासारखं बोलायला लागलं, तर त्याला नाटक म्हणू नका. १४४१६ ही टेली मानस हेल्पलाइन चोवीस तास मोफत आहे. मुलांसाठी १०९८ आहे. हे दोन नंबर फ्रिजवर नाहीतर कॅलेंडरवर लिहून ठेवा, लेकराला दिसतील असे. फोन त्यानं केला तरी चालेल, तुम्ही केला तरी चालेल.

सरकारनं नववी-दहावीलाही पोषण आहार द्यावा, पुस्तकं द्यावीत, शिक्षणाची हमी बारावीपर्यंत न्यावी, ही मागणी मी या सदरातून करतच राहणार. ती मान्य होईल तेव्हा होईल. तुमचं लेकरू मात्र यंदाच नववीत आहे. या महिन्यात शाळेची पहिली पालकसभा होईल. दोघंही जा. एका दिवसाचा खाडा पडला तरी जा. जाताना लेकराला विचारा, ‘सरांना काय विचारू तुझ्या वतीनं?’ ते जे सांगेल तेच आधी विचारा.

आणि पुढच्या वेळी कोणी ‘कितवी?’ म्हणून विचारलं, तर तुम्ही गप्प राहा. उत्तर लेकराला देऊ द्या.